जुना द्या, नवा न्या

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी सुखाने राहत होते. जे सुखाने राहत नव्हते, त्यांना अर्ज करण्याची सोय होती.

अर्ज वाघाच्या दरबारात जात. ओढ्यावर पाणी पिण्यासाठी अर्ज. बीळ खणण्यासाठी अर्ज. खणलेले बीळ बुजवण्यासाठी वेगळा अर्ज. हाताने लिहिलेला अर्ज चालत नसे, कारण हाताने अर्ज लिहून देणाऱ्या माकडाचे अक्षर वाघाला लागत नसे.

म्हणून साळूबाई नावाच्या एका साळिंदरीने संगणक ठेवला होता. टेबलावरचा, मोठा, खाली डबा असलेला. त्यावर ती सगळ्यांचे अर्ज टाइप करून देई आणि प्राणी तिला हिरडे देत. हिरडा हे त्या जंगलातले चलन होते. साठवला तर प्राणी श्रीमंत होई, खाल्ला तर पोट साफ होई. बहुतेकांची पोटे साफ होती.

साळूबाईचे अर्ज फार नम्र असत. सशांचे ‘आम्हाला खाण्यात येऊ नये’ हे अर्ज तर ती इतक्या गोडीने लिही, की वाचताना वाघाच्या तोंडाला पाणी सुटे. पण तो खात नसे. सही करी. त्या सहीला महिन्याची मुदत असे. महिना संपला की नवा अर्ज.

असे छान चालले होते. मग दरबाराने जुना फॉर्म बंद करून नवा काढला. नव्या फॉर्मवर वाघाचा रंगीत फोटो होता. बाकी सगळे तेच होते. साळूबाईच्या संगणकाने तो फॉर्म उघडायला घेतला, बराच वेळ घुरघुर केली आणि मान टाकली.

“अहो,” साळूबाई नवऱ्याला म्हणाली, “आता नवा घ्यावा लागणार.”

तिच्या नवऱ्याचे नाव कंटकराव. कंटकराव विचार करीत असत. घरातले तेवढे एकच काम त्यांच्याकडे होते. हिवाळ्यात ते संगणकाच्या डब्यामागे बसून विचार करीत, कारण तिथून गरम वारा येई. त्यामुळे त्या डब्यावर त्यांचा फार जीव होता.

ओढ्याकाठी तरसशेठचे दुकान होते. दुकानावर पाटी होती : ‘जुना द्या, नवा न्या.’ दोघेही जुना डबा घेऊन तिथे गेले.

तरसशेठने डब्यावर टिचकी मारली. डबा पालथा केला. वास घेतला. मग हसला. तरस तसाही हसतच असतो, त्यावरून काही समजत नाही.

“नवा चाळीस पायल्या हिरडे,” तो म्हणाला. “तुमच्या जुन्याचे पंधरा वजा. पंचवीस द्या आणि घेऊन जा.”

साळूबाई पिशवीची गाठ सोडू लागली. कंटकरावांनी तिला बाजूला ओढले.

“अगं, पहिल्या भावाला कोणी हो म्हणतं का? पंधरा म्हणतोय म्हणजे त्याच्या मनात वीस असणार. चल, निघाल्यासारखं करू. मागून हाक मारेल.”

ते निघाल्यासारखे करू लागले. कंटकराव हळूहळू चालले. हाक आली नाही. ते आणखी हळू चालले. मग पायात काटा रुतल्याचे निमित्त करून खाली बसले. साळिंदराच्या पायात काटा रुतलेला बघून दोन माकडे थांबली. तरसशेठ मात्र दुकानात दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता.

“थोडं थांबू,” घरी आल्यावर कंटकराव म्हणाले. “जुनं ते सोनं. माझ्या आजोबांनी मूठभर हिरड्यांत घेतलेलं बीळ आज कितीला जाईल? वस्तू जितकी मुरते तितकी चढते.”

“बीळ मुरतं,” साळूबाई म्हणाली. “हे मशीन आहे.”

“तुला व्यवहारातलं कळत नाही,” कंटकराव म्हणाले आणि डब्यामागे जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ससूताई आली. ससूताई ही वडाखालच्या वस्तीतली ससीण. तिला सात पोरे होती आणि ती त्यांची नावे एका दमात सांगे.

“साळूबाई, अर्ज करायचा होता. सही संपत आलीय.”

“नवा फॉर्म आपल्याकडे उघडत नाही गं. नवं मशीन घेतोय. चार दिवस थांब.”

“थांबते की,” ससूताई म्हणाली. ससे स्वभावाने समजूतदार असतात.

पुढच्या बाजाराला कंटकराव पुन्हा डबा घेऊन गेले. आज ते ताठ चालत होते.

“आठ पायल्या,” तरसशेठ म्हणाला.

“आठ? मागच्या वेळी पंधरा म्हणालात!”

“मधल्या काळात नवं मॉडेल आलं.”

“पण माझा तर तोच आहे!”

“तेच तर झालं ना,” तरसशेठ म्हणाला.

कंटकराव हिरमुसून निघाले. पण ते विचारी होते. वाटेतच त्यांच्या लक्षात आले, की डबा कळकट दिसतो म्हणून भाव पडला. घरी येऊन त्यांनी डबा उघडला. स्वतःच्या पाठीचा एक काटा उपटून त्याने आतली धूळ काढली. आत एक पाल राहत होती, तिला हुसकावली. पाल म्हणाली, मी रीतसर अर्ज करीन. मग त्यांनी पाच पायल्या खर्चून जास्तीची मेमरी बसवली आणि नवा माऊस घेतला. उंदरांची या नावाला हरकत होती, पण त्यांचा अर्ज अजून विचाराधीन होता.

त्या आठवड्यात ससूताई रोज येऊन गेली. दारातच उभी राही.

“आला का हो नवा?”

“येतोय,” कंटकराव आतून म्हणत. “घाईत व्यवहार बिघडतो, ताई.”

“बरोबर आहे,” एक दिवस ससूताई म्हणाली. “सही कालच संपली, एवढंच.”

चकचकीत डबा घेऊन कंटकराव तिसऱ्यांदा दुकानात गेले. तरसशेठने तो उन्हात धरला आणि हसला.

“उघडला होता का?”

“आरशासारखा स्वच्छ केलाय. मेमरी वाढवलीय.”

“उघडलेला माल आम्ही निम्म्यात धरतो. आणि इतका स्वच्छ म्हणजे काहीतरी झाकलेलं असतं. तीन पायल्या.”

“अहो, पाच पायल्यांची तर नुसती मेमरी आहे!”

“मग मेमरी काढून न्या. डब्याचे तीनच.”

कंटकराव डबा उचलून परत आले. ते आता रागावले होते. “तीनला देण्यापेक्षा घरात राहू दे,” ते म्हणाले. “भाव पडला की विकू नये. पडलेला भाव उठेपर्यंत धीर धरावा. शहाणे असंच करतात.”

त्याच वेळी ससूताई दारात आली. आज तिने नवा आला का, असे विचारले नाही.

“साळूबाई,” ती म्हणाली, “अर्जात सात नावं लिहायची होती ना, ती आता सहा लिहा.”

साळूबाई उठली.

तिच्या पाठीचे सगळे काटे उभे राहिले. मग तिने डबा काखोटीला मारला, हिरड्यांचे पोते ओढत घेतले आणि एकटीच दुकानाकडे चालू लागली. कंटकराव मागून ओरडत होते, “अगं, निदान तिनाच्या खाली जाऊ नकोस!”

दुकानात तरसशेठने डबा पाहिला.

“आता आम्ही हे घेत नाही, बाई. टाकायला न्यायच्या दोन पायल्या तुम्हालाच द्याव्या लागतील.”

“घ्या,” साळूबाई म्हणाली.

तरसशेठ थोडा गोंधळला. घासाघीस न करणारे गिऱ्हाईक त्याने पाहिले नव्हते. त्याने नव्याचे चाळीस आणि जुना नेण्याचे दोन असे बेचाळीस मोजून घेतले. साळूबाई नवा संगणक घेऊन पळतच घरी आली. ससूताई उंबऱ्यात बसून होती.

“सांग नावं,” साळूबाई म्हणाली.

ससूताईने नावे सांगितली. या वेळी तिला दम घ्यावा लागला. दोघींनी मिळून अर्ज भरला. नवा फॉर्म झटक्यात उघडला, वाघाचा रंगीत फोटो दिसला आणि दुपारपर्यंत सहीही आली. मग वस्तीतले बाकीचे ससे रांगेने आले. उन्हे उतरेपर्यंत साळूबाईने मान वर केली नाही.

इकडे कंटकरावांना घरात बसवेना. रिकाम्या कोपऱ्याकडे बघून त्यांना भडभडून येई. शेवटी दुसऱ्या सकाळी ते ओढ्याकडे फिरायला गेले आणि तरसशेठच्या दुकानासमोर एकदम उभे राहिले.

त्यांचा डबा दुकानात अगदी पुढे मांडला होता. त्याला झेंडूची माळ होती. शेजारी पाटी होती : ‘सुप्रसिद्ध अर्जलेखिका साळूबाई यांच्या वापरातील. एकहाती. आतून स्वच्छ. जास्त मेमरी. फक्त वीस पायल्या.’

कंटकरावांनी पाटी दोनदा वाचली. त्यांचे डोळे भरून आले.

“वीस!” ते म्हणाले. “मी म्हणत नव्हतो?”

“चढतोय,” तरसशेठ म्हणाला. “उद्या पंचवीस होईल. काल एक रानडुक्कर विचारून गेला.”

कंटकराव विचारी होते. पण चढत्या भावात विचार करीत बसायचे नसते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी घासाघीस केली नाही. घरी धावत जाऊन हिवाळ्यासाठी ठेवलेले वीस पायल्या हिरडे आणले, डबा विकत घेतला आणि माळेसकट पाठीवर घेऊन निघाले. ओढ्यावर जो भेटेल त्याला ते थांबवून सांगत होते.

घरी साळूबाई आणि ससूताई अंगणात बसल्या होत्या. ससूताईची सहा पोरे गवतात खेळत होती.

“बघ!” कंटकरावांनी डबा खाली ठेवला. “वीसला गेला! वीसला!”

“घेतला कोणी?” साळूबाईने विचारले.

“मी!”

साळूबाई त्यांच्याकडे बघत राहिली.

“अगं, असं काय बघतेस? तीन म्हणत होता तो. बाजाराच्या बाजाराला पडत गेलेला भाव एका दिवसात वीसवर आला. आता तीस होईपर्यंत मी विकत नाही. तू घाई केलीस, तुझं नुकसान झालं. मी थांबलो.”

ससूताईने पोरांकडे पाहिले, मनातल्या मनात ती मोजली आणि पुन्हा मोजली.

“नाही, भावजी,” ती समजूतदारपणे म्हणाली. “थांबलो आम्ही.”

तात्पर्य : मुलांनो, जुन्या वस्तूचा भाव चढतोच. फक्त ती आपल्या घरात असेपर्यंत चढत नाही. म्हणून माणसाने नेहमी धीर धरावा. आणि तो धरताना शेजारी ससे राहतात ना, याची आधी खात्री करून घ्यावी.