नीळकंठरावांचा गरम अभिषेक

नीळकंठराव एकदा पेटले की यवतमाळच्या कचेरीतले साहेबसुद्धा मुकाट्याने सही करून मोकळे होत. यंदा ते बिअरवर पेटले होते!

सतरा वर्षांपूर्वी बदली झालेल्या एका साहेबाच्या निरोपाला त्यांनी अर्धा ग्लास बिअर घेतली होती. ती चव काही जिभेवरून जाईना. त्यात आता राज्यात दारूबंदी. सापडले तर हेडक्लार्कची नोकरी आणि पेन्शन, दोन्ही एकदम जायची. पण रद्दीत बिअरची कृती लिहिलेलं इंग्रजी पुस्तक सापडलं आणि माणूस हट्टाला पेटला. ज्वारी भिजवून मोड आणले, वाळवले, भरडले. आता भरडा गरम पाण्यात मुरवला की त्यातला गोडवा धुऊन काढायचा. तो कसा, यावर गाडं तीन आठवडे अडलं.

पुस्तकात तीन रीती होत्या. भरडा फडक्यात पिळा, त्यावर सगळं पाणी एकदम ओता, नाहीतर वरून गरम पाण्याची संथ धार धरा.

"त्यात कायचा एवढा विचार?" त्यांच्या पत्नी सुनीतीबाई म्हणाल्या. "कुरडयांचा चीक काढतो तसं पिळून घ्या."

"पिळलं की गढूळ होते. धारच पाहिजे. बारीक, न थांबणारी."

बागेची झारी पाहिली, चहाची गाळणी पाहिली. मग पूजेला बसले असताना त्यांची नजर महादेवावरच्या गळतीवर गेली. तांब्याचं भांडं, बुडाला भोक, पाणी पडतं ते बारीक, न थांबता. नीळकंठरावांनी तिथल्या तिथे हात जोडले.

श्रावणी सोमवारी उपासाच्या नावाखाली रजा टाकून त्यांनी बेत मांडला. खाली तोटीचं पितळी पिंप, त्यात मुरवलेला भरडा, वर तीन पायांच्या तिकाटण्यावर गळती, गळतीत गरम पाणी.

"अहो, देवाची आहे ती."

"देवाचं सकाळीच झालं. आता माझं."

चुलीच्या धुराने डोळे चुरचुरायला लागले म्हणून त्यांनी खिडकी उघडली, आणि घात झाला. शेजारचे मारोतराव दुपारच्या जेवणाला आपल्या घरी आले होते, ते खिडकीतून डोकावले. हे मारोतराव दारूबंदीचे इन्स्पेक्टर.

"काय हो नीळकंठराव, अभिषेक? अन् आमाले सांगतलं बी नाही?"

माघार नीळकंठरावांच्या रक्तातच नव्हती. त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्याने "नमः शिवाय" सुरू केलं. मारोतराव आत येऊन पाटावर बसले.

"पाण्याची वाफ काहून निघून राह्यली?"

"पावसाळा आहे," सुनीतीबाई म्हणाल्या. "देवाला गार पाणी बाधते."

मारोतरावांना ते पटलं. इतकं पटलं की त्यांनी गल्लीला हाका मारल्या. घटकाभरात पंधरा बाया बेल घेऊन हजर. आत पिंड असेल म्हणून एकीने थेट पिंपातच बेल वाहिला. नीळकंठरावांचा जप चुकला, पण डोळे उघडायची सोय नव्हती.

मारोतरावांनी तोटीखाली ओंजळ धरली. "गोड आहे हो! कायचं तीर्थ आहे हे?"

"धान्याचं," नीळकंठराव कसेबसे म्हणाले.

मग काय विचारता! गल्लीने वाट्या आणल्या, गडवे आणले. मारोतरावांनी म्हाताऱ्या आईसाठी कळशीभर नेलं. पिंपात उरला तो चोथा आणि त्यावर बेल.

शनिवारी मारोतराव रिकामी कळशी घेऊन आले. चेहऱ्यावर भक्ती नुसती ओसंडत होती.

"तुमचा देव जागृत आहे, नीळकंठराव. तिसऱ्या दिवशी तीर्थ आपोआप फसफसलं. माय रोज गडवाभर घ्याची. जिले पाटावरून उठता येत नव्हतं, ते काल उभी राहून भजन म्हणून राह्यली होती. चाल मात्र लावणीची."

नीळकंठरावांनी कळशीत तोंड घातलं. तोच वास, सतरा वर्षांपूर्वीचा! त्यांनी कळशी उलटी धरून पाहिली. थेंब नव्हता. आयुष्यातली एकमेव बिअर जमली होती, आणि तीही इन्स्पेक्टरच्या देवघरात.

"आता दर सोमवारी झालंच पाहिजे," मारोतराव म्हणाले. "मी सोता येऊन बसतो."

ते गेल्यावर सुनीतीबाई शांतपणे म्हणाल्या, "पिळून घेतलं असतं तर दार लावून पाच मिनिटांत झालं असतं."

श्रावणातले उरलेले सोमवार नीळकंठराव गल्लीसमोर अभिषेक करत बसले. साध्या पाण्याचा. आणि तोही गरम.