दार उघडं आहे

आमच्या हिच्या दातांच्या दवाखान्यातलं वायफाय मी स्वतः बसवलंय! माणूस बोलावला नाही की माहितीपुस्तिका उघडली नाही. खोक्यातून राउटर काढला, वायर खोचली, दिवे लागले! पासवर्ड कंपनीने दिलेला तोच ठेवला. ‘अपडेट करा’ अशी सूचना अधूनमधून यायची, तिला मी ‘नंतर’ म्हणायचो. दाढा उपटतात तिथे कोण कशाला चोरी करायला येतंय?

परवा सकाळी बाहेरची खोली पेशंटनी भरलेली होती. एक आजोबा फोनकडे बघत म्हणाले, “अहो, तुमच्या वायफायचं नाव असं काय?”

बघतो तर नाव होतं, ‘दार उघडं आहे’!

काउंटरवरच्या मावशींनी ताबडतोब पुढचं दार लावून टाकलं. नुकताच पायरी चढलेला पेशंट गाल धरून काच बडवायला लागला. तेवढ्यात नाव बदललं, ‘ते दार नव्हे’.

मी धावत जाऊन संडासाचं दार ढकललं. आतून किंकाळी आली! मावशी औषधांच्या फ्रिजला पाठ लावून उभ्या राहिल्या. सगळे आपापल्या फोनकडे टक लावून बसले.

‘राउटरचं!’

“अहो!” ही आतून ओरडली. “माझ्या कॉम्प्युटरवर सगळ्यांचे एक्स-रे आहेत, पत्ते आहेत, आजार आहेत! ते बाहेर गेले तर दवाखाना बंद करावा लागेल!”

मी राउटरची वायर उपटली.

“आता पडद्यावरचा एक्स-रेच गेला, तो वायफायवरून येतो!” ही परत ओरडली. “खुर्चीतल्या बाईंना भूल दिलीय, कुठली दाढ काढू?”

बाईंनी आ वासूनच माझ्याकडे असं बघितलं, की मी वायर मुकाट्याने परत खोचली. नवं नाव आलं, ‘अपडेट करा’.

दाढ निघाल्यावर केलं! सगळ्यांच्या देखत केलं. पासवर्डही बदलायला घेतला.

“लग्नाची तारीख ठेवू नका,” ही म्हणाली, “तुमच्या लक्षात राहायची नाही.”

सगळं झालं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुणीतरी त्या उघड्या दारातून आत शिरलं होतं, आणि काहीही न नेता आम्हालाच हाका मारत बसलं होतं! हिचे डोळे भरून आले. “लोक विश्वासाने तोंड उघडतात हो माझ्यासमोर,” ती म्हणाली. “त्या देवमाणसाने तो विश्वास वाचवला.”

आम्ही काय करतोय हे त्याला दिसत होतं, म्हणजे तो या खोलीतच होता. मी हात जोडले. “तुम्ही जे कुणी असाल, तुमचे फार उपकार झाले! आज तुमची दाढ फुकट! कृपा करून हात वर करा!”

सगळ्यांनी हात वर केले. मावशींनीसुद्धा, आणि त्यांना तर वरखाली पूर्ण कवळी आहे!