प्रथम क्रमांकाचा भोपळा

भोपळे पिकवण्यात माझा हात धरणारं आमच्या पंचक्रोशीत कुणी नाही! हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तुमचा गैरसमज व्हायला नको. भोपळे उत्तमच आले होते. चूक भोपळ्यांची नव्हती.

पण सुरुवात गाण्यापासून करायला हवी.

सव्वीस वर्षं मी गात होते. मैफिली वगैरे नव्हेत. सांगलीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे आणि तिथे शिंकलेलंही चालत नाही! म्हणून शनिवार-रविवारी गावी, शिराळ्याकडे यायचं आणि ओसरीवर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा लावून गायचं. श्रोता एकच: आबा, माझे वडील. निवृत्त सुभेदार नाथाजी. यमन आणि भूप यांतला फरक त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. पण समोरच्या लोखंडी खुर्चीत ते परेडला बसल्यासारखे ताठ बसत आणि मी थांबले की हुकूम सोडत, "चालू ठेव!" राग फक्त डब्यावर. "हे काय गं, बाटलीत माशी कोंडल्यावानी!"

कार्तिकात आबा गेले. तीन दिवस मिरजेच्या दवाखान्यात होते, चौथ्या दिवशी नव्हते.

पुढच्या महिन्यात मी डबा लावला, षड्ज धरला, समोर पाहिलं, आणि डबा बंद केला. सव्वीस वर्षांची आवड भांडून गेली असती तर समजूत तरी काढली असती. ती मागच्या दाराने गेली, चपला हातात घेऊन.

"मग दुसरं कायतरी कर," आई म्हणाली. "पण रिकाम्या खुर्चीकडं बघत बसू नगंस."

मी लगेच कामाला लागले. प्रत्येक विषयाची तीन-तीन पुस्तकं आधी वाचून काढली, हे वेगळं सांगायला नकोच. आधी विणकाम. मी विणलेला मफलर शेजारच्या धोंडुबाईंना भेट दिला. महिन्याभराने तो त्यांच्या उंबऱ्यापाशी दिसला. "लय चांगलं पायपुसणं केलंस गं," त्या म्हणाल्या. "पाय अगदी निर्मळ निघत्यात!" मग केक. तो कुकरला असा चिकटला, की शेवटी कुकरच केकसकट परड्यात गेला आणि कोंबड्या त्यावर चोची परजू लागल्या. मग पक्षीनिरीक्षण. दोन आठवड्यांच्या नोंदी अशा: चिमणी, चिमणी, कावळा, धोंडुबाईंची तलंग कोंबडी.

आणि मग मला बिया सापडल्या.

आबांची लष्करी ट्रंक आवरत होते. तळाशी, गणवेशाच्या घडीखाली, कापडाची पुरचुंडी होती. आत मूठभर बिया आणि आबांच्या अक्षरात चिठ्ठी: "राजूसाठी. पाणी बेताने. हात लावू नये."

राजू म्हणजे मी, राजेश्वरी. बिया दुधी भोपळ्याच्या, हे आईने लगेच ओळखलं. आणि कशासाठी, हे मी ओळखलं! माझ्या प्रत्येक वाढदिवसाला आबा स्वतःच्या हाताने दुधी हलवा करायचे. आयुष्यभर मी जाड जाड कादंबऱ्यांमधले दडलेले अर्थ शोधत आले. तीन वाक्यांची चिठ्ठी मला कळणार नाही? "हात लावू नये" हे अर्थातच इतरांसाठी होतं.

मृगात विहिरीजवळच्या तुकड्यात बिया टोकल्या. पाणी बेताने दिलं. आणि काय सांगू! वेल असे सुटले, की बांध ओलांडून बिरदेवआण्णांच्या उसात शिरले. बिरदेवआण्णा म्हणजे माझे धाकटे चुलते. त्या बांधाची दोन हात जागा त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी नांगराने आपल्याकडे ओढली होती. आबांनी आणि त्यांनी तेव्हापासून एकमेकांशी बोलणं सोडलं नाही, पण बोलायचे ते फक्त पावसाबद्दल.

"आमच्या उसात तुमचा भोपळा आलाय," आण्णा म्हणाले.

"आमच्या जागेत तुमचा ऊस आलाय, तसाच!" मी म्हणाले. आबा ऐकायला हवे होते.

दिवाळीपर्यंत सात भोपळे धरले. एकेक गोल, गुळगुळीत, हवालदाराच्या पोटासारखा! रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची. धोंडुबाई तेवढ्या म्हणाल्या, "असला गोल दुध्या मी नव्हता बाई बघितला. कसल्या जातीचा हाय?"

"सुधारित," मी म्हणाले. पुस्तकात असा एक शब्द होता.

सातातला सर्वांत मोठा मी तालुक्याच्या कृषी प्रदर्शनासाठी राखून ठेवला. खिळ्याने त्याच्या सालीवर "प्रथम क्रमांक" असं कोरूनही टाकलं. निकाल लागायचा होता, पण आपल्याला अंदाज असतो.

उरलेले सहा आबांच्या वर्षश्राद्धाला चिरायचे ठरवले. माझ्या हातचं, आबांच्या बियांचं! भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे वडे, भोपळ्याची खीर आणि मोठं पातेलं भरून हलवा. पन्नास माणसं जेवायची होती. एरवी दुधी चिरताना देठाकडची चकती जिभेला लावून बघायची, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. पण श्राद्धाचा स्वयंपाक! पितरांच्या आधी तो चाखायचा नसतो. मी हात पुढे केला तर आईने पळी उगारली.

कुणीच चाखलं नाही.

बिरदेवआण्णांनी कावळ्याचं पान परड्याच्या भिंतीवर ठेवलं. भातावर भाजीचा रस्सा मी मायेने वाटीभर ओतला होता. कावळा आला. चोच मारली. थांबला. चोच भिंतीला घासली आणि शेवग्यावर जाऊन बसला.

सगळी भावकी भिंतीपाशी जमली. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली!

"सुभेदार, वैनींची काळजी नगं," धोंडुबाई कावळ्याला हात जोडून म्हणाल्या. "मी हाय शेजारी!"

कावळा ढिम्म.

"आवं, तुमची सायकल भंगारात घालणार न्हाई," आई म्हणाली. "धूळ खात पडू दे तशीच!"

ढिम्म.

"राजू, तू बोल गं. तुझ्यावर त्यांचा लय जीव हुता," आई मला म्हणाली.

मी पुढे झाले. "आबा, पुढच्या वर्षी याहून मोठे भोपळे पिकवीन!"

कावळा उडाला आणि तीन झाडं मागे जाऊन बसला.

आता सगळ्यांचे डोळे एकाच माणसावर. बिरदेवआण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. पन्नास माणसं उपाशी आणि ऊन डोक्यावर. शेवटी ते कावळ्याकडे बघून ओरडले, "बरं बाबा! बांधाची दोन हात जागा सोडली! झालं?"

भावकीने सुस्कारा टाकला. कावळ्याने मान फिरवली.

"आता गाईला घाला," कुणीतरी म्हणालं. गाईने हुंगलं, फुर्र केलं आणि तीही मागे सरली! हे मात्र कुणाच्या पोथीत नव्हतं. धोंडुबाईंना संशय आला. त्यांनी बोटाने हलवा चाटला, आणि त्यांचा चेहरा मफलरासारखा पिळवटला.

"थूऽ! आगं बया! कडू जहर!"

मी वडा मोडून पाहिला. भाजी पाहिली. खीर पाहिली. चारी ठाव कडू! कडुनिंबाने पाया पडावं असं कडू!

नेमक्या त्याच वेळी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. पांढरी दाढी, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी मापाची टेप.

"सुभेदारसाहेब हायत का घरात? मी सिकंदर. मिरजेहून आलो. तंतुवाद्यं करतो. यंदा कार्तिकात भोपळे बघायला ये म्हणाले हुते."

त्यांनी मांडलेली पानं पाहिली, हार घातलेला फोटो पाहिला आणि पायातली चप्पल काढून तिथेच खाली बसले. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या सालींच्या ढिगाकडे गेली.

"या अल्ला! हे कुणी कापलं?"

"मी," मी म्हणाले.

"बेटी, हा खायचा भोपळा न्हाई. तानपुऱ्याचा हाय! गेल्या सालच्या दसऱ्याला साहेब माझ्याकडनं बी घेऊन गेले. म्हणाले, माझी पोरगी डब्याबरोबर गाती, ते मला बघवत न्हाई. तिला खरा तानपुरा पाहिजे, आनि भोपळा माझ्याच रानातला पाहिजे. मी सांगितलं, पानी बेतानं द्या. वेलावर पुरता पिकंस्तवर हात लावू नका."

पाणी बेताने. हात लावू नये.

आबांनी मला सोप्या मराठीत तीन वाक्यं लिहिली होती. मी त्यांचा हलवा केला होता.

बिरदेवआण्णा ताडकन उठले. "म्हंजे कावळा कडू म्हणून शिवला न्हाई? मग माझी कबुली रद्द!"

"आण्णा, पन्नास माणसांनी ऐकलंय!" आई गरजली.

"कावळ्यानं फसवलं मला!"

"समदे कापले?" सिकंदरचाचांनी हळूच विचारलं. "एक बी ऱ्हायला न्हाई?"

एक होता! आम्ही रानात धावलो. सिकंदरचाचांनी गुडघे टेकले, भोपळ्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला आणि कोरलेली अक्षरं दिसल्यावर चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"हे कुणाचं काम?"

मी उसाकडे पाहू लागले.

"भोपळा चांगला हाय. उन्हाळ्यापतूर वेलावर राहू दे. पर ही अक्षरं आता जायची न्हाईत. बरं, तुझा सूर कंचा, बेटी? त्यावर माप ठरंल. गाऊन दाखव."

"मी गाणं सोडलं," मी म्हणाले.

"मग ही टेप कशाला आणली मी?"

परत परड्यात आलो. आईने तोवर कावळ्यासाठी साधा दहीभात भिंतीवर ठेवला होता. सिकंदरचाचांचं म्हणणं ऐकताच तिने ओसरीवरची लोखंडी खुर्ची आणून बरोबर माझ्यासमोर मांडली. रिकामी. मला म्हणाली, "चालू ठेव."

वर्षभराचा गंज होता. पहिला षड्ज बैलगाडीच्या चाकासारखा करकरला. दुसरा जरा बरा. तिसरा लागला. डोळे मिटले होते, म्हणून पुढचं मला धोंडुबाईंच्या ओरडण्यावरून कळलं.

"शिवला! शिवला!"

कावळा का शिवला, यावर गावात अजून एकमत नाही. धोंडुबाई म्हणतात दहीभातामुळे. आई म्हणते आबांना खुर्ची दिसली. माझं मत तुम्ही ओळखलं असेलच. पन्नास माणसं त्या दिवशी पिठलं-भात जेवली आणि कुणी नाव ठेवलं नाही.

तानपुरा यायला दीड वर्ष लागलं. आमच्या रानातल्या भोपळ्याचा, आबांच्या बियांचा! असा बोलतो, की ओसरी भरून जाते. मिरजेत तानपुरे पुष्कळ, पण ज्याच्या पाठीवर "प्रथम क्रमांक" आहे असा एकच. स्पर्धेत मी भागच घेतला नव्हता, हे कुणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.

बिरदेवआण्णांनी बांध सोडला. दर रविवारी सकाळी ते येतात, लोखंडी खुर्चीत बसतात, गाणं शेवटपर्यंत ऐकतात. जागेचा मोबदला आहे म्हणे. उठताना टोपी झटकून निकाल देतात.

"दोन हात जमिनीच्या मानानं... ठीक हाय."