राजे नीरज यांच्या मातोश्री

वसुधाताईंनी एकटीच्या नावाने कधी साधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. सिंगापुरात हौगांगच्या त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी फ्रिजवर फर्मान दिसलं: ‘राजे नीरज व त्यांच्या मातोश्री यांच्या आज्ञेने कळवण्यात येते की, सिंकमध्ये खरकटी भांडी ठेवू नयेत.’ राजे नीरज तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत नोकरीला होते, आणि घरात सिंकमध्ये खरकटी भांडी ठेवणारे ते एकटेच होते.

मी इथे युनिव्हर्सिटीत संशोधन करते, पण पुण्यातले कॉलेजचे दिवस पत्रकं वाटण्यात गेले. मुलींच्या होस्टेलचं फाटक आठला बंद व्हायचं, त्याविरुद्धचं पत्रक माझं. त्यामुळे मला गप्प बसवेना. विचारलं, "घर तुमचं, भांडी तुम्ही घासता, मग पहिलं नाव त्याचं का?"

"सही कोणाची ते सोड गं," त्या म्हणाल्या. "कारभार कोणाचा ते बघ."

हे त्यांचं पालुपद. त्याचा उगम तेराशे-चौदाशे वर्षं मागे, आजच्या फ्रान्समध्ये. तिथे फ्रँक लोकांचे राजे तरुणपणीच मरायचे आणि गादीवर पाच-सहा वर्षांची पोरं बसायची. राज्य चालवायच्या त्यांच्या विधवा आया. हुकूम निघायचा पोराच्या नावाने, आणि आईचं नाव आलंच तर त्याच्या मागून. वसुधाताई लग्नाआधी पुण्यात इतिहास शिकवायच्या आणि या राण्यांवर प्रबंध लिहीत होत्या. नवऱ्याच्या नोकरीपायी सिंगापूरला आल्या, प्रबंध बॅगेत राहिला. नीरज सात वर्षांचा असताना नवरा गेला. मग त्यांनी बॅग उघडली. पुस्तकावरून स्वतःच लॅटिन शिकल्या. सकाळी शिकवण्या, दुपारी लायब्ररी. त्या राण्यांचा उल्लेख त्या ‘आमच्या बायका’ असा करायच्या, जणू भिशीतल्याच.

"आमच्यातली एक तर विकत आणलेली दासी होती," कणीक मळता मळता सांगायच्या. "राजाने तिच्याशी लग्न केलं. राजा मेला, हिने कारभार हातात घेतला आणि धर्मबांधवांना गुलाम म्हणून विकायला बंदी घातली. तुझ्यासारखी पत्रकं नाही वाटली, बंदीच घातली."

टोमणा मला होता, पण दाद द्यावीच लागली.

जगाकडे बघायची त्यांची रीतच ती. कुठेही गेल्या की राजा कोण आणि खरा कारभार कोण बघतंय, हे आधी शोधायच्या. खालच्या हॉकर सेंटरमध्ये नूडल्सच्या ठेल्यावर मोठा झारा घेऊन उभा असलेला अंकल त्यांच्या लेखी नामधारी. मागे स्टुलावर बसून कोळंबी सोलणाऱ्या त्याच्या म्हातारीला त्या आधी वाकून नमस्कार करायच्या, मग ऑर्डर द्यायच्या. ऑर्डरही तिलाच. अंकल त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागायचा. "आंटी, आय कुक वन, यू टेल मी ला." म्हातारी मात्र हळूहळू ताठ बसायला लागली, आणि आमच्या वाटीत कोळंबी वाढत गेली.

नीरजच्या शाळेचा किस्सा मला नीरजनेच सांगितला. सहलीच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती. वसुधाताईंनी आठ वर्षांच्या पोराला आधी सही करायला लावली आणि खाली लिहिलं, ‘आईसह.’ बाईंनी बोलावून घेतलं. मुलाची सही चालत नाही म्हणाल्या. वसुधाताई शांतपणे म्हणाल्या, "सही त्याचीच असते. तो मोठा होईपर्यंत मी फक्त बघते आहे." तो सहलीला गेला नाही. "होल क्लास वेंट टु द झू," नीरज म्हणाला. "मी लायब्ररीत बसलो, आईसह."

फ्रँकांच्यात मुलगा पंधराव्या वर्षी वयात यायचा. म्हणून नीरजच्या पंधराव्या वाढदिवसाला ब्लॉकच्या तळमजल्यावर सत्तांतर झालं. औक्षण करून त्यांनी पत्रपेटीची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि त्यानंतर पेटीला बोट लावलं नाही. राजे पेटी उघडायचे सहा महिन्यांतून एकदा. पाणी बंद राहणार असल्याची नोटीस एकदा आतच राहिली, आणि वसुधाताईंनी पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्यांत अंघोळ उरकली. मी भडकले. म्हटलं, "किल्ली मागून घ्या."

"दिलेलं राज्य परत मागत नाहीत," त्या केस पुसत म्हणाल्या.

इथवर मी हसत होते. मग नीरजचं लग्न ठरलं. ऑफिसातलीच श्रुती, चांगली मुलगी. बातमी ऐकून वसुधाताईंनी दोघांना पेढा भरवला, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "चल, मठ बघायला जायचंय."

त्यांच्या दासी-राणीचा मुलगा वयात आला, तेव्हा ती राजवाडा सोडून मठात गेली होती. वसुधाताईंचा मठ निघाला बेटाच्या दुसऱ्या टोकाला, बुकित पंजांगला. एका चिनी आजींच्या फ्लॅटमधली खोली. एक पलंग, एक टेबल, एक खिडकी.

माझं डोकं फिरलं. वीस वर्षं घर ओढलेल्या बाईने सून येणार म्हणून भाड्याच्या खोलीत जायचं? "मी जाते ना," मी म्हटलं. "माझी खोली रिकामी करते. तुम्ही कशाला?"

"प्रश्न खोलीचा नाही गं. एका घरात दोन कारभार चालत नाहीत."

मी रात्रीत पत्रक लिहिलं. ‘ही हद्दपारी मान्य नाही.’ खाली पाच मागण्या. ते घेऊन दुपारच्या सुट्टीत चांगीला गेले आणि नीरजच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने पाचही मागण्या वाचल्या.

"मी कुठे जा म्हटलंय?" तो म्हणाला. "शी इज द वन पॅकिंग."

"थांब म्हणालास का?"

तो भात चिवडत राहिला. "लहानपणापासून ऐकतोय, राजा मोठा झाला की आई मठात जाते. आय थॉट तिला तेच हवंय. शी लुक्स सो हॅपी, बॉक्सेस वगैरे भरताना."

"त्यांना वाटतंय तुला त्या नको आहेत."

"तिने असं म्हटलं?"

त्यांनी असं म्हटलं नव्हतं. मी तसं कबूल केलं. मग म्हणाले, "आज घरी जाऊन एक वाक्य बोल. आई, जाऊ नकोस. एवढंच."

तो संध्याकाळी घरी आला, मी कान देऊन बसले होते. "आई, टेप आहे का अजून? बॉक्सला लावून देतो," तो म्हणाला. आणि त्याने खरोखरच सगळी खोकी नीट बांधून दिली, नाजूक सामानावर लाल पेनाने खुणा करून. वसुधाताई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. शेवटचं खोकं बांधून होईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. इतका राग मला होस्टेलच्या फाटकाचासुद्धा आला नव्हता, आणि कोणाच्या नावाने पत्रक काढायचं ते कळेना.

लग्न झालं. त्या गेल्या. मीही दुसरीकडे खोली घेतली. दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी बुकित पंजांगला गेले. टेबलावर लॅटिनची पुस्तकं पसरली होती. स्वयंपाकघरात मुगाच्या धिरड्यांचं पीठ झाकून ठेवलं होतं, तवा कोरडा.

"नीरज येणार आहे?"

"बघतो म्हणालाय. आला की घालते, गार चांगली लागत नाहीत."

मी पुस्तकांकडे वळले. बरेच दिवस डोक्यात होतं ते विचारलं, "तुमची ती राणी आपणहून मठात गेली, की तिला घालवली?"

"त्यावर पुष्कळ भांडतात," त्या म्हणाल्या. "तिचं चरित्र लिहिणारा म्हणतो, तिची केव्हापासूनची इच्छा होती. बाकीचे म्हणतात, सरदारांनी काढली. मला त्यात काही शोधायचं नाहीये."

"मग इतकी वर्षं काय शोधताय?"

त्यांनी एका पुस्तकावरची धूळ, नसलेली, पुसली. "ती गेल्यावर मुलगा तिला भेटायला आला का. मठ काही फार लांब नव्हता. तिथे तिने काय खाल्लं, कोणाचे पाय धुतले, किती वेळा रडली, सगळं लिहिलंय. तो आला की नाही, ते कुठेच नाही."

"म्हणजे आला नसेल," मी म्हटलं. मी असंच बोलते.

"किंवा इतक्यांदा आला असेल, की लिहावंसं कोणाला वाटलं नसेल."

त्या उठून खिडकीशी गेल्या. इथे एलआरटीचा, म्हणजे छोट्या लोकल गाडीचा, उंच रूळ इमारतीच्या अगदी अंगावरून जातो. एकुलता डबा येतो, आणि ब्लॉकजवळ आला की त्याच्या काचा आपोआप दुधाळ होतात, प्रवाशांना लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. आमच्यासमोर डबा आला, काचा पांढऱ्या झाल्या. वसुधाताईंनी हात हलवला. डबा पुढे गेला. पाच मिनिटांनी दुसरा आला. पुन्हा हात.

"कोणाला करताय?"

"आत कोण आहे, दिसत नाही ना," त्या म्हणाल्या. "म्हणून सगळ्यांनाच करते."

काचा दुधाळ झाल्या की आतल्यांनाही बाहेरचं काही दिसत नाही. हे मी त्यांना सांगणार होते. तेवढ्यात पुढचा डबा वळणावर दिसला, आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.