कर्णिकांची मरळ

बदलापूरला समुद्र नाही, ही गोष्ट मनोहरपंत कर्णिकांना कधीच मान्य नव्हती.

सकाळी गॅलरीत दात घासता घासता ते पंचांग बघत, तिथीची पाऊणपट करत आणि समोरून जाणाऱ्या पहिल्या माणसाला सांगत, "आज चतुर्थी. तीनला भरती." हा पहिला माणूस बहुधा दूधवाला असे. समुद्र तिथून तीस-पस्तीस मैल लांब. पण भरतीची वेळ ठाऊक नसताना माणसाने दिवस सुरू तरी कसा करायचा, असा अलिबागच्या या गृहस्थांचा रोकडा सवाल होता. दूधवाला हो हो म्हणून पुढे जायचा. दुधात भरती कधी येते ते त्याला पंचांगाशिवाय कळत होतं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही दोघं अंबरनाथच्या एका कारखान्यात नकाशे काढायला होतो. ते हेड ड्राफ्ट्समन, मी त्यांच्या हाताखाली. राहायला बदलापूरला एकाच चाळीत, मध्ये एक भिंत. त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे "मापात बोला!" कुणी म्हणालं, काल खूप पाऊस झाला, की हे विचारणार, "खूप म्हणजे किती? मापात बोला!" साहेबालासुद्धा त्यांनी एकदा हे ऐकवलं होतं. साहेब इंग्रज असता तर निभावलं असतं. तो पुण्याचा निघाला.

मापाचा नियम ते स्वतः फक्त माशांच्या बाबतीत मोडत. पापलेट म्हटलं की त्यांचा आवाज देवळात आल्यासारखा मऊ व्हायचा. मासा म्हणजे समुद्राचा. नदीत असते ती पोहायला शिकलेली भाजी. "तुम्ही खायला हरकत नाही, कुलकर्णी," असं ते मला सांगत. मी देशावरचा, सात पिढ्यांचा शाकाहारी.

पण घरात गाठ होती सुशीलावहिनींशी. वहिनींचं माहेर भोरचं, नीरेच्या काठचं. त्यांचे वडील गळ टाकून मरळ धरून आणायचे, आणि त्या मरळीपुढे वहिनी अख्खा अरबी समुद्र ओवाळून टाकायला तयार असत. हा वाद वीस वर्षं रोज, जेवणाच्या वेळी, भिंतीपलीकडे चालू होता. आमच्याकडे घड्याळ नव्हतं. तिकडे आवाज चढला की माझी आई पानं घ्यायची.

"समुद्राच्या माशाला चव कसली? ते सगळं मीठ!" वहिनी म्हणायच्या.

"आणि तुमच्या मरळीला? चिखलाची!"

"आधी एक तरी स्वतःच्या हातानं धरून आणा नदीतून. मग तोंड उघडा!"

इथे कर्णिक गप्प बसत. कारण मासे खाण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण त्यांनी जन्मात मासा धरला नव्हता.

त्या वर्षी चैत्रात वहिनींना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना भूक घेऊन गेला. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. दोन घास मऊ भात, की पान बाजूला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "माझं काम संपलं. आता अन्न पोटात गेलं तरच ही बाई उठेल." वहिनी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असत. आमच्याकडे जेवणाच्या वेळा चुकायला लागल्या.

आषाढ लागल्यावर एके दिवशी ऑफिसात कर्णिक माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"कुलकर्णी, काल कल्याणहून पापलेट आणलं. मुद्दाम म्हणालो, तुमच्या मरळीला याची सर नाही. काय म्हणाली असेल?"

"काय?"

"म्हणाली, 'हो, खरं आहे.'" ते खुर्चीत बसले. "वीस वर्षांत पहिल्यांदा हो म्हणाली हो. मला धडकीच भरली."

त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं: नदीची मरळ धरायची, स्वतःच्या हातानं, आणि श्रावण लागायच्या आत. वहिनी श्रावण कडक पाळत. एकदा तो लागला की गणपती होईपर्यंत घरात मासा येणार नव्हता, आणि तोवर दोन घासांवर ती बाई टिकेल का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. "विकत घ्या ना कुणाकडून," एवढं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढची रेघ वाकडी काढली.

दुसऱ्या दिवशी गळाचा नकाशा तयार झाला. वरून, बाजूने आणि छेद घेऊन, तिन्ही मापांसकट. तो घेऊन आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये लछमनदासच्या दुकानात गेलो. लछमनदास फाळणीत सिंधमधून आलेला. खिळ्यापासून कंदिलापर्यंत सगळं विकायचा. त्याने नकाशा उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला.

"साईं, मछली पकडनी है या पूल बनाना है?"

"मरळ पकडायची है. नदी की," कर्णिक म्हणाले.

लछमनदास एकदम खुलला. "वाह! मछली तो नदी की ही होती है, साईं. समुंदर की कोई खाता है? बदबू मारती है."

कर्णिकांचे कान लाल झाले. एरवी त्यांनी त्या दुकानाची पायरी पुन्हा चढली नसती. पण त्या दिवशी ते म्हणाले, "बरोबर है." बायकोसाठी माणूस किती खाली उतरतो, ते मी त्या दुकानात पाहिलं. लछमनदासने खूश होऊन एक गळ जास्तीचा बांधून दिला.

मग आमची मोहीम उल्हास नदीच्या काठी गेली. कर्णिक कोट, टोपी, छत्री अशा ऑफिसच्याच वेषात. गळाला लावायला त्यांनी सुकट आणली होती, म्हणजे समुद्राची वाळवलेली कोळंबी. आणि पाण्यात रोवायला एक काठी, तिच्यावर इंचाइंचाच्या खुणा.

"ही कशाला?" मी विचारलं.

"ओहोटी लागली की मासा गळाला येतो. आज सप्तमी. सव्वापाचला पूर्ण भरती."

मी म्हटलं, इथे भरती कुठून येणार? तेवढ्यात पाणी काठीवर दोन इंच चढलं. वर डोंगरात पाऊस कोसळत होता, दुसरं काही नाही. पण कर्णिकांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. "बघा! मापात बोलतंय पाणी!"

सव्वापाच झाले. साडेसहा झाले. आम्ही ओहोटीची वाट बघत होतो आणि पाणी चढतच होतं. शेवटी काठी वाहून गेली. गळ ओढायला गेले, तो माझ्या टोपीत अडकला. त्या दिवशी एवढीच शिकार झाली.

मागे कुणीतरी खळखळून हसलं. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक कातकरीण उभी होती. बुधी तिचं नाव. डोंगराकडच्या वाडीवर राहायची, आणि आमचा तमाशा तिने बराच वेळ पाहिला असावा.

"कशाची वाट बघतोस रं बाबा?"

"ओहोटीची," कर्णिक म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे.

"समुंदराचं पानी हितं यायला त्यानं काय आगगाडीचं तिकीट काढलंय?" तिने मोळी खाली ठेवली. "आन् सुकट कुनाला? नदीच्या माशानं सुकट कंदी बघितली का? काय पायजे तुला?"

"मरळ. घरात आजारी माणूस आहे."

बुधीचं हसू थांबलं. "मंग फुगल्या नदीवर काय करतोस? आता मरळ निवळ पान्याला जाते. कात्रपच्या खाचराच्या कडंला तळं हाय, तितं ये. आन् बेडूक आन."

हेड ड्राफ्ट्समन कर्णिक त्या दिवसापासून बुधीच्या हाताखाली उमेदवार झाले. बेडूक पकडायचं काम माझ्याकडे आलं. मी शाकाहारी असल्यामुळे बेडकांचा माझ्यावर विश्वास बसेल, असं कर्णिकांचं म्हणणं होतं.

बुधीची शिकवणी साधी होती. कोट काढायचा, चिखलात बसायचं, तोंड मिटायचं. मरळ मधून मधून वारा घ्यायला पाण्यावर येते. तिने वारा घेतला, की तिथेच बेडूक अलगद टेकवायचा. पहिल्या दोन्ही गोष्टी कर्णिकांना जमल्या. तोंड मात्र मिटेना.

"तू बोलतोस तवा तुजी सावलीबी हालते," बुधी म्हणायची.

पहिल्या रविवारी पाणी हललं. कर्णिकांनी गळाचा बांबू उचलला आणि बुधीने त्यांचा हात धरला. पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका फिरत होता आणि खाली काळी सावली. "ही नाय. पिलांवाली हाय. पिलं मोटी होस्तर हिला हात नाय लावायचा."

हाताशी आलेली मरळ होती, आणि श्रावणाला आठ दिवस उरले होते. वाद घालतील असं मला वाटलं. कर्णिकांनी त्या पुंजक्याकडे बराच वेळ बघितलं आणि बांबू खाली ठेवला.

मग आला शेवटचा रविवार. सकाळपासून पाऊस. चिखलात बसलेले कर्णिक तीन तास गप्प होते. इतके गप्प ते झोपेतही नसत; भिंत पातळ असल्यामुळे मला ठाऊक होतं. दुपारी शेवाळाजवळ एक बुडबुडा फुटला. त्यांनी बेडूक टेकवला. क्षणभर काहीच नाही, आणि मग बांबू असा वाकला की काडकन मोडला!

कर्णिक चिखलात उताणे पडले, पण दोरी सोडली नाही. दोन्ही हातांनी ओढत, सरकत त्यांनी ती काळीभोर मरळ काठावर घेतली. गळ सुटला. मरळ गवतातून सरपटत पुन्हा तळ्याकडे निघाली. मी किंचाळलो. बुधी ओरडली. आणि पंचेचाळीस वर्षांच्या कर्णिकांनी "हर हर महादेव!" अशी आरोळी ठोकून मरळीवर अंग टाकलं.

बादलीत ती मावेना, शेपूट बाहेर.

"केवढी प्रचंड आहे हो!" ते धापा टाकत म्हणाले.

"प्रचंड म्हणजे किती?" मी संधी सोडली नाही.

"मापं गेली खड्ड्यात!"

बुधीला काय द्यावं त्यांना सुचेना. त्यांनी स्वतःची छत्री तिच्या हातात कोंबली. "राखेनं चांगली घास," ती म्हणाली, "न्हाईतर बुळबुळीत राहील. आन् बायेला घाल आदी."

आम्ही गावातून आलो ते वाजतगाजत आल्यासारखेच. पुढे चिखलाने माखलेले कर्णिक, हातात बादली; मागे मी, मोडका बांबू चोपदारासारखा धरून. दूधवाल्याने सायकल थांबवली. स्टेशनवरून परतणारी मंडळी बादलीत डोकावू लागली. प्रत्येकाला कर्णिक सांगत होते, "नदीची आहे! नदीची!" आईने मला अंघोळ केल्याशिवाय आत घेतलं नाही, पण तीसुद्धा गॅलरीत येऊन हळूच बघून गेली.

कर्णिकांनी स्वतः मरळ राखेनं घासली, स्वतः कापली, स्वतः शिजवली. मग भिंतीपलीकडे ताट वाढल्याचा आवाज आला. त्यानंतर कितीतरी वेळ काहीच नाही. आईने जपमाळ थांबवली. मी भिंतीला कान लावला; लाज वाटली, पण लावला.

आणि वहिनींचा आवाज आला. आधी बारीक, मग चढत गेलेला.

"हे आमसूल कुणी घालायला सांगितलं? नदीच्या माशाला चिंच लागते, चिंच! आणि हे तुकडे की पाट? एवढी सोन्यासारखी मरळ, वाट लावलीत तिची! वाढा अजून. भातही वाढा. आणि उद्या आठवणीनं चिंच आणून ठेवा घरात!"

जरा वेळाने कर्णिक गॅलरीत आले. कठड्याला धरून उभे राहिले. मी बाहेर जाऊन विचारलं, "काय झालं?"

"भांडली," ते म्हणाले. "तीनदा भात घेतला आणि चांगली भांडली." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "चार महिने या घरात मी एकटाच बोलत होतो हो, कुलकर्णी."

आतून हाक आली, "अहो! तिकडे काय उभे? गार होतंय तुमचं!"

"आलो, आलो," म्हणत, डोळे न पुसताच, कर्णिक आयुष्यातला पहिला नदीचा मासा खायला आत गेले.