लिथुआनियन नमस्काराचा पाढा

"लिथुआनियन ना? दोन दिवसांचं काम!" असं छातीठोकपणे सांगून रेडिओने अख्ख्या कारखान्याच्या करवती थांबवल्या. बडबड कधी बंद होत नसे, म्हणून हे नाव. कारखाना खुर्च्यांचा, आणि मालक दाजी, म्हणजे त्याच्या ताईचा नवरा. लिथुआनियाचे एक हॉटेलवाले खुर्च्या बघायला येणार होते. त्यांचं स्वागत त्यांच्या भाषेत करायचं. ऑर्डर मिळाली, तर पॉलिश पेपर घासण्यातून सुटका आणि ऑफिसात जागा, असं दाजींनी कबूल केलं होतं.

मग काय, मोबाइलवर धडा लावून स्वारी सुटली. ताई इस्त्री करता करता म्हणून घ्यायची. लाबस रीतस, सकाळचं. लाबा दिएना, दुपारचं. लाबस वाकारस, संध्याकाळचं. लाबानाक्त, झोपतानाचं. विसो गेरो, निरोपाचं. एकदम खडखडीत पाठ! गोम एकच. मधलंच एखादं विचारलं की गाडी पंक्चर. सतराच्या पाढ्यासारखं सतरा एके सतरापासून सुरू करावं लागे, आणि एकदा सुटला की शेवट आल्याशिवाय ब्रेक लागत नसे.

पाहुणे आले भर दुपारी. दाजींनी कोपराने ढोसलं. रेडिओने डोळे मिटले आणि सुटला. सकाळचं ऐकून पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. दुपारच्याला हसले. संध्याकाळच्याला गोंधळले. शुभ रात्री ऐकून त्यांनी उघडलेली बॅग बंद केली. आणि निरोपाचं ऐकल्यावर बिचारे मान तुकवून गेटकडे चालू लागले.

"काय बोललास रे त्यांना?" दाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

"नमस्कार घातला."

"मग निघाले कुठे?"

रेडिओ मागे धावला. थांबवायला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. सकाळचं ऐकून पाहुणे वळले, दुपारच्याला आत आले. दाजींनी झडप घालून संध्याकाळवरच त्याचं तोंड दाबलं.

पुढचं खुर्च्यांनीच निभावलं. पाहुणे बसले, रेलले, मुद्दाम डुलून बघितलं आणि चक्क ऑर्डर दिली. दाजी इतके खुलले की म्हणाले, "आता म्हण तुझं ते शेवटचं. नीट निरोप दे."

रेडिओने डोळे मिटले. "लाबस रीतस..."

उठलेले पाहुणे निमूटपणे परत खाली बसले.

रेडिओ आता ऑफिसात बसतो, दाजी शब्दाचे पक्के. फक्त फोन उचलायला त्याला बंदी आहे.