द्वारकाकाकूंच्या गोळ्या

बाहेरची झाल्याचं बायका एकमेकींच्या कानात सांगतात. आमच्या द्वारकाकाकू ते अख्ख्या चाळीला ओरडून सांगत. "शिवू नका गं कुणी, मी बाहेरची झालेय," असं मागच्या पडवीतून तीनदा. पहिल्या हाकेला आम्ही बायका सावध व्हायचो, दुसऱ्या हाकेला पुरुष वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे आणि तिसऱ्या हाकेपर्यंत काका चुलीपुढे बसलेले असायचे. काकूंचं वय तेव्हा पन्नास होतं.

लग्न होऊन मी अंबरनाथला आले ती त्यांच्या शेजारच्या खोलीत. काका आणि आमचे हे एकाच कारखान्यात. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल काकू कधी बोलत नसत, बाकी सगळ्याबद्दल बोलत. पडवीत कांबळ्यावर बसून काकांना स्वयंपाक शिकवायच्या. फोडणी जळल्याचं नाकाला कळत नाही का, म्हणून झापायच्या. काका "बरं" म्हणायचे आणि पुढची फोडणी जाळायचे. आम्ही हसलो की म्हणायच्या, "हसा. मी अजून मोडीत निघालेली नाही."

मला मात्र हसू यायचं नाही. मी जन्माची भित्री, झुरळालासुद्धा आधी वाट देणारी. पण ही भीती उगाच नव्हती. दोन वर्षांपूर्वी काकूंची पाळी गेली होती, हे मला ठाऊक होतं. तेव्हा त्यांच्या अंगाची नुसती आग व्हायची. ऐन थंडीत पाय पाण्याच्या बादलीत सोडून सुपानं वारा घेत बसायच्या. तिन्हीसांजेला रडायच्या, आणि विचारलं तर कांदा चिरतेय म्हणायच्या. हातात कांदा नसायचा.

आणि आता ती गेलेली पाळी दर महिन्याला परत येत होती. माझ्या मांजर्लीच्या आत्याचं असंच झालं होतं. बंद होऊन दोन वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसायला लागलं. उष्णता असेल म्हणून ती सब्जा भिजवून खात राहिली, कुणाला बोलली नाही, आणि पुढच्या दिवाळीला आत्या नव्हती. त्यामुळे पडवीतून हाक आली की मला आत्या आठवायची.

शेवटी एक दिवस धीर करून मी काकूंना आत्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठल्या, पिठाच्या डब्यामागून एक बाटली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, रोगबिग काही नाही, या गोळीनं येते.

दीड वर्षापूर्वी त्या अंगाच्या आगीसाठी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या सिंधी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या होत्या. बाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. तीन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा सोडायच्या. सोडल्यावर थोडं रक्त दिसेल, घाबरू नका, आणि तीन महिन्यांनी नक्की परत या, असं बजावलं होतं. काकू परत गेल्याच नाहीत. तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून बाटल्या आणत राहिल्या. काकांना वाटायचं, ताकदीच्या गोळ्या आहेत.

झालं. रोगाची भीती होतीच, तिच्यात आता गोळ्यांची भर. काकांना सांगेन अशी धमकी दिली, तेव्हा कुठं काकू टांग्यात बसल्या. वाटभर माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. टांगेवाल्याशी मात्र घोड्याच्या खाण्यापिण्याबद्दल पुष्कळ बोलल्या.

डॉक्टरीणबाई कराचीहून आलेल्या, बराकीतल्या एका खोलीत त्यांचा दवाखाना. चिठ्ठीवरची तारीख बघून त्या चिडल्याच. इतके दिवस ही गोळी घेतल्यावर आत काय झालं असेल ते मलाही सांगता येणार नाही, म्हणाल्या. काकूंना तपासलं. हाताला काही लागलं नाही, पण तेवढ्यावर विसंबून चालणार नव्हतं. गोळ्या आजपासून बंद. बंद केल्यावर एकदा येऊन जाईल, ती धरायची नाही. त्यानंतर दोन महिने काही दिसलं नाही, तर ते रक्त गोळीचं. दिसलं, तर त्याच दिवशी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात.

काकूंनी सगळं ऐकून एकच विचारलं, "पाळी येते म्हणजे मूल होऊ शकतं ना?"

दीड वर्षं ही बाई चाळीला ओरडून काय सांगत होती, ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात धरला. "नहीं माई. ये दवाई का खून है. इससे बच्चा नहीं होता."

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "तिला मराठी कुठं धड कळतंय? गोळीशिवाय आली की ती माझी. दोन महिने बघू."

सांगितल्याप्रमाणे एकदा येऊन गेली. मग आमचं दिवस मोजणं सुरू झालं. काकूंना काही दिसू देऊ नकोस, म्हणून मी शंकराला नारळ बोलले. सोमवारी देवळात गेले तर काकू तिथंच, डोळे मिटून. काय मागताय, ते विचारायची गरज नव्हती. एकाच पिंडीपुढे दोघी बसलो होतो, मी म्हणत होते येऊ नये, त्या म्हणत होत्या यावी. महादेवाची पंचाईतच. अंगाची आग पुन्हा सुरू झाली होती, सूप पुन्हा हातात आलं होतं, पण त्याची त्यांना पर्वा नव्हती. रोज सकाळी मी पडवीकडे कान लावून उभी राहायचे. हाक आली तर मुंबईला कोण नेणार, काकांना कोण सांगणार? त्या दोन महिन्यांत मी चार कपबश्या फोडल्या.

दोन महिने भरले त्या सकाळी काकू माझ्या दारात आल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघायलाही धजले नाही, खाली बघूनच विचारलं.

"नाही आली," त्या म्हणाल्या.

"सुटले गं बाई," म्हणून मी मटकन खाली बसले आणि आनंदानं रडायलाच लागले. मग वर बघितलं. काकू चौकट धरून उभ्या होत्या. त्याही रडत होत्या, पण माझ्यासारख्या नाही.

"झालं तुझ्या मनासारखं," त्या म्हणाल्या. रागानं नाही.

माझी मलाच लाज वाटली. देवापुढे काढून ठेवलेला नारळ पदराखाली लपवायला गेले, तर तो त्यांनीच घेतला. म्हणाल्या, देवाला बोललीस ना, मग फोडायला नको का, चल.

देवळात माझ्या हातून तो फुटेना. दोनदा आपटला. तेव्हा काकूंनी तो घेतला आणि एका घावात फोडला. खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"गोड निघालाय," म्हणाल्या.